चुलीतला विस्तव

निजामाचं राज्य गेलं, त्या साली सांडू टेंभुर्णीतलं घर सोडून माळावरच्या खोपीत राहायला गेला. म्हणाला, "आता कुणाचं काही घेणार न्हाई."

"आईचंबी न्हाई?" त्याच्या आईनं, गोपिकाबाईनं विचारलं.

"बिलकुल न्हाई."

रोज पहाटे तो ओढ्यावरून आंघोळ करून येई, तेव्हा राखेखाली विस्तव फुललेला असे. वर्षभरात आपली चूल एकदाही विझली नाही, याचा त्याला केवढा अभिमान!

आज ती गार पडली होती. नाइलाजानं तो विस्तव मागायला घरी आला. अंगणात तिरडी बांधत होते.

"तुलाच बोलवायला निघाल्तो," चुलता म्हणाला. "रोज तुझ्या चुलीत गोवरी ठिवून यायची रे. आज उठलीच न्हाई."

 

तिरडीपुढं धरायचं विस्तवाचं मडकं त्यानं पुढं केलं, आणि सांडूनं ते घेतलं.