पाहुणीचं पाणी

"तो पेला ठेव आता खाली," मॅडम आफ्रिये म्हणाल्या. "पुसून पुसून झिजवशील."

पोकुआने पेला स्टुलावर ठेवला, पाण्याने भरला आणि त्यावर विणलेला रुमाल टाकला.

दत्तक गेलेल्या मुलांची आणि त्यांच्या जन्माच्या घरांची गाठभेट घडवून आणायची, हे आफ्रियेबाईंचं काम. पोकुआने दत्तक घेतलेल्या फ्रेमाच्या दोन्ही घरी त्यांची ऊठबस होती. सुट्टीभर जन्माच्या घरी राहून आज फ्रेमा परत येणार म्हणून पोकुआचा जीव थाऱ्यावर नव्हता, तेव्हा त्या सोबतीला येऊन बसल्या होत्या.

"पाणी कशाला? पोर काय परकी आहे?"

"पाहुण्याला आधी पाणी, मग विचारपूस. रीतच आहे," पोकुआ हट्टाने म्हणाली. "घरचं माणूस असेल तर जाईल आपल्या पायांनी माठाकडे."

"बारा वर्षांच्या पोरीची परीक्षा घेतेस होय गं?"

चुलीवर शेंगदाण्याचं सार रटरटत होतं. फ्रेमासाठी शिवलेला नवा झगा खुंटीला होता.

"माझ्याच हातांनी गाठोडं बांधून धाडलं तिला," पोकुआ म्हणाली. "आता कुणाला बोल लावू? तिकडे भावंडं आहेत, मोठं अंगण आहे. इथे काय? मी आणि माझं शिवणयंत्र!"

"रक्ताची ओढ असायचीच. त्याने कुणाचं काही कमी होत नाही."



बाहेर तेचिमानहून, फ्रेमाच्या जन्माच्या गावाहून, येणारी गाडी थांबली. डोक्यावर टोपली घेऊन फ्रेमा दारात आली. उन्हाने रापली होती. केस कुणीतरी नव्या तऱ्हेने गुंफले होते आणि ते तिला शोभत होते. पोकुआला मात्र ते बघवेना.

तिने उजव्या हाताने पेला पुढे केला. "ये. बस."

"हे कुणाला?" फ्रेमा हसली. टोपली खाली टेकवून ती तडक कोपऱ्यातल्या माठाकडे गेली, घटाघटा पाणी प्याली आणि बाहीने तोंड पुसत ओरडली, "अगं, सार करपतंय!"

पोकुआचे डोळे भरून आले. सार हलवायचंही तिला सुचेना. आफ्रियेबाईंनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. "आण इकडे. पाहुणी मीच आहे."

फ्रेमाने टोपली पोकुआच्या पायाशी सरकवली.

"ही कोनफळं तुला. जिने मला जन्म दिला ना, तिने पाठवलीत. म्हणाली, पुढच्या सुट्टीत तुझ्या आईलाही घेऊन ये."