कथबर्ट हे नाव

“कथबर्ट?” बाळाचा लंगोट बदलता बदलता टॅम्सिनने नवऱ्याकडे पाहिलं. “एवढंसं पोर ते, आणि नाव मठातल्या म्हाताऱ्याचं?”

“जुनं आहे, आपल्याकडचंच आहे,” कॉलिन म्हणाला. “आणि आता कुणी ठेवत नाही.”

“का ठेवत नाही, ते तुला मी सांगायला हवं का?”

नको होतं. उत्तर इंग्लंडात, डरहॅमच्या आसपास कथबर्टचं लाडाचं रूप ‘कडी’, आणि तिथल्या बोलीत कडी म्हणजे गाढव. या नावाच्या माणसाचं शाळेच्या आवारात काय होतं, हे कॉलिनने डोळ्यांनी पाहिलं होतं. कथबर्ट हे त्याच्या वडिलांचं नाव.

बाळ पस्तीस दिवसांचं झालं होतं. बेचाळीस दिवसांच्या आत नाव नोंदवावं लागतं, आणि गुरुवारी सकाळी कचेरीत त्यांची वेळ ठरली होती. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर ऑलिव्हर आणि जॉर्ज केव्हाच खोडले गेले होते. प्रत्येक वर्गात तीन-तीन असतात, असं टॅम्सिनचं म्हणणं. जुनी पण कमी ऐकू येणारी तीन नावं उरली होती: बार्नबी, लॅम्बर्ट, एव्हरार्ड. चौथं कॉलिनने आज सकाळी पेन्सिलीने लिहिलं होतं.

“एव्हरार्डमध्ये काय वाईट आहे?”

“काही नाही.” कॉलिन खुर्चीवर बसला. “टॅम्सिन, मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही.”

मग त्याने सांगितली. तो अकरा वर्षांचा होता. नवी शाळा, आणि त्याच शाळेत वडील शिपाई. फरशा पुसायचे, बॉयलर बघायचे. त्यांची किल्ल्यांची जुडी वाजली की मोठी पोरं गाढवासारखी ओरडायची. एका मंगळवारी कॉलिन डबा घरी विसरला. मधल्या सुट्टीत वडील तो घेऊन आवारात आले. पोरांनी ओरडायला सुरुवात केली. एकाने विचारलं, “काय रे, हा गाढवोबा तुझा बाप काय?”

“मी म्हटलं, नाही. हे माझे बाबा नाहीत. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

“आणि ते?”

“ते पांढरेफटक पडले. डबा भिंतीवर ठेवला आणि गेले. संध्याकाळी घरी एक शब्द नाही. महिन्याभरात त्यांनी दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली. त्यानंतर माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. काहीही करायचं तर ‘चालेल ना तुला?’ असं विचारायचे. पाहुण्यासारखं. आपल्या लग्नातसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मी पुढच्या रांगेत बसलो तर चालेल ना?’”

टॅम्सिनने बाळाला खांद्यावर घेतलं.

“नाव ठेवू आपण,” ती म्हणाली. “पण आधी त्यांची माफी माग. लेकराच्या आडून नको, तोंडाने माग.”

रविवारी दुपारी ते गावाबाहेर, भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांवर गेले. कथबर्ट रॉबसन तिथेच सापडणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. बायको नोरीन गेल्यापासून दोन वर्षं म्हाताऱ्याचा मुक्काम तिथेच. गुडघे टेकून तो कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या मनगटाएवढ्या जाड दांड्यांना माती चढवत होता.

“आलात? थंडी आहे, बाळाला टोपी घातलीये ना?” तो उठला, हात पँटला पुसले. “घेऊ का त्याला? चालेल ना?”

“विचारता काय, बाबा,” टॅम्सिनने बाळ त्याच्या हातात दिलं. “नातू तुमचाच आहे.”

म्हाताऱ्याने बाळाला अलगद धरलं.

“बाबा,” कॉलिन म्हणाला, “बाळाला तुमचं नाव द्यायचं म्हणतोय. कथबर्ट.”

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. “नको रे.”

“का?”

“पोरं गाढव म्हणतील त्याला.”

“आता कुणाला माहीतही नसतं ते.”

“तरी नको. तुझ्या आईकडचं घ्या की एखादं. लॅम्बर्ट होते तिचे आजोबा. भला माणूस. त्यांचं नाव चालवलंत तर शोभेल.” त्याने बाळ सुनेकडे परत दिलं. “माझं कशाला?”

टॅम्सिनने कॉलिनकडे एकदा पाहिलं आणि बाळाला घेऊन ती पलीकडच्या कोबीच्या वाफ्यापर्यंत चालत गेली.

कॉलिनने रस्ताभर जुळवलेली वाक्यं एकदम पळाली.

“तुम्ही नको का म्हणताय ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. “त्या डब्याच्या दिवसामुळे. पोरांसमोर मी म्हटलं की तुम्ही माझे बाबा नाहीत.”

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. “आठवण ठेवलीस होय तू.”

“रोज आठवतं. तुमच्यासमोर आलो की मान वर होत नाही माझी. आई होती तोवर वाटायचं, तिच्यासमोर सांगू. तेही जमलं नाही. बाबा, लाज वाटते मला त्याची. माफ करा.”

म्हातारा पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला.

“तू कशाला लाजायचंस?” तो म्हणाला. “लाज आम्हाला होती. मला आणि तुझ्या आईला. म्हणून तर विषय काढायचा धीर झाला नाही.”

“तुम्हाला? कशाची?”

म्हाताऱ्याने कोबीच्या वाफ्याकडे, टॅम्सिनच्या खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं.

“त्या दिवशी तू बोललास ते खरंच होतं, कॉलिन. ते तुला सांगितलं कुणी, एवढंच आम्हा दोघांना कधी कळलं नाही.”