रिकामं तोंड

डॅडींच्या पंगतीला बसणं म्हणजे शिक्षा. चाळीस वर्षं त्यांनी स्पॅनिश मालिकांचं हिंदी डबिंग केलं. पडद्यावरचा माणूस जेवायला लागला की हे माइकसमोर रिकामं तोंड मचमचवायचे, नुसत्या थुंकीवर. ती घाणेरडी सवय त्यांच्याबरोबर वसईहून दोह्याला माझ्या घरी आली.

शुक्रवारी दुपारी मी बंगड्याचं कालवण वाढलं आणि त्यांच्यासमोर बसले. लगेच सुरू झालं. मच, मच, मध्येच लाळ आत ओढल्याचा ओला आवाज.

"शी, डॅडी! ओठ मिटून जेवा ना!"

मी मान वर केली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ताटाला त्यांनी हातही लावला नव्हता. मचमच चालूच होती.

डॅडी माझ्या तोंडाकडे बघत होते, स्टुडिओत पडद्याकडे बघायचे तसे, डोळे बारीक करून.

"ब्रेंडा," ते हळूच म्हणाले, "आवाज कुणाचा ते मला कळत नाही. पण तुझ्या ओठांवर अगदी बरोबर बसतोय."

मी अजून एकही घास घेतला नव्हता. तोंडाला हात लावला. बोटं लाळेनं भिजली. ओठ हलत होते.