चावी कोण देतं?

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या बाबांची दृष्टी गेली आणि त्यांनी अंथरूणच धरलं. "मला आता दिवस काय नि रात्र काय!" म्हणायचे. लेक प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या झोपेचा अभ्यास करायची. तिला टोमणा मारायला मात्र जीभ शाबूत होती.

"आज किती माश्या मारल्यास?"

"मारल्या नाहीत, बाबा. आठ दिवस मिट्ट काळोखात ठेवल्या. तरी रोज पहाटेच्या सुमाराला उठतात, वेळ झाली की झोपतात. मेंदूतच घड्याळ असतं त्यांच्या. आपल्याही."

बाबा ताडकन उठून बसले. "चावी कोण देतं?"

"कुणीच नाही. आपसूक चालतं. उजेड दिसला की वेळ जुळवून घेतं, काळोखात थोडं पुढंमागं होतं, एवढंच."

"हं," म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी दारावरच्या टकटकीनं तिला जाग आली. बाबा आंघोळ उरकून, भिंत चाचपत दारापर्यंत आले होते.

"ऊठ, सहा वाजले."

तिनं मोबाइल पाहिला. "पावणेसहा, बाबा."

"म्हणजे पाव तास पुढं पळतंय." कित्येक महिन्यांनी बाबा हसले. "पळेना का! बंद तर पडलेलं नाही."