मोज्यातली बाटली

द्राक्षांची तोडणी संपली की आम्ही जुने मित्र बोर्दोजवळच्या आमच्या घरी दुपारच्या जेवणाला जमतो. प्रत्येकाने एक जुनी वाइन आणायची, बाटलीवर लोकरी मोजा चढवायचा आणि बाकीच्यांनी नुसत्या चवीवरून ती ओळखायची.

यंदा मी माझा ठेवा काढला. माझे सासरे आपली सगळी द्राक्षं सहकारी संघाला घालायचे. फक्त आमच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी घरी थोडी वाइन केली आणि ती सगळी दोन बाटल्यांत भरून मला नि मारीजला दिली. त्यातली एक फुटली. ही उरलेली.

"मेदोक भागातली आहे, पैज लावतो," बर्त्राँ म्हणाला.

"तुला मेदोक सोडून दुसरं काही सुचतं का रे?" त्याची बायको लूसेत म्हणाली.

रेजिसने मात्र डोळे मिटून घोट सावकाश तोंडात घोळवला. "मास्तर, ही विकतची नाहीच. ही तुझ्या सासऱ्यांची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाळेत उत्तर बरोबर आलं तरी मी मुलांना रीत विचारायचो, तशी त्यालाही विचारली.

"रीत कसली, मास्तर? ही चव एकदा जिभेवर बसली की जन्मात जात नाही."



मी मुलांची सहल घेऊन पिरेनीजला गेलो होतो, तेव्हा पहिली बाटली न उघडताच मारीजच्या हातून निसटून फुटली होती. निदान मी परतल्यावर तिने मला रडत रडत तसंच सांगितलं होतं.