लक्षद्वीपला कोण कोण

पुतळाबाई पुन्हा एकदा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तेव्हा पुढच्या खोलीतली मंडळी कवरत्तीला पोचली होती.

सतरंजीवर नातीचं नकाशाचं पुस्तक उघडं होतं. त्यात लक्षद्वीप म्हणजे टाकातून शाई झटकल्यासारखे चार ठिपके. मुलगा सहादू पेन्सिलीच्या टोकानं एकेक ठिपका दाखवत होता आणि पुंजाराम वाकून बघत होता. दोघं ओझरच्या विमान कारखान्यात एकाच शेडमध्ये. विमानाच्या पंखांना रिवेट मारण्यात उमर चालली, आणि आता प्रवासाची सवलत, एलटीसी मिळतेय तर म्हणे बोटीनं जायचं. कोचीनला चढायचं, रात्रभर बोट चालणार, सकाळी नवं बेट. दिवस बेटावर, रात्र पुन्हा बोटीत. बायकापोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांचं भाडं कारखाना देणार.

“कल्पेनीला पाणी लय नितळ हाय म्हणे,” पुंजाराम म्हणाला. “गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहा, पायाची नखं दिसतात.”

पुतळाबाईंनी मघाशीच पुसलेली खिडकी पुन्हा पुसायला घेतली.

त्यांना विचारलं नव्हतं असं नाही. सहादूनं विचारलं होतं, “आई, तू येतेस का?” त्या म्हणाल्या होत्या, “मी कशाला या वयात? घर कोन बघंल?” आणि थांबल्या होत्या. असं विचारल्यावर पहिल्या झटक्यात कुणी हो म्हणतं का? आपण नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, आपण आणखी थोडं नको म्हणायचं, मग उठायचं. पण सहादू “बरं” म्हणाला, चपला घातल्या आणि कंपनीच्या बसला पळाला. तेव्हापासून पुतळाबाईंच्या जिवाला चैन नव्हतं. भाजी निवडायला बसत आणि अर्ध्यावर उठत. सायखेड्याला नदीकाठी अर्धा जन्म गेलेला. गोदावरीला केवढाही पूर आला तरी पलीकडचा काठ दिसायचाच. पलीकडचा काठ नसलेलं पाणी त्यांना एकदा बघायचं होतं. फार बघायचं होतं. पण आपल्या तोंडानं कसं सांगायचं, मलाही न्या म्हणून?

सून लता पोह्यांचं पातेलं घेऊन आली.

“घ्या ना भाऊजी, अजून थोडे.”

“नको वहिनी, पोट भरलं.”

“एवढ्याशानं काय होतंय? घ्या बघू.”

“नको, नको” म्हणेपर्यंत बशी भरली आणि पुंजाराम निमूटपणे खाऊ लागला. पुतळाबाई त्या बशीकडे बघत राहिल्या. पोह्यांना बरं दोनदा विचारतात!

“सहादू, उद्या हापिसात नावं सांगायचीत,” पुंजाराम तोंडातला घास गिळत म्हणाला. “तुमची किती? मावशीला धरलं ना?”

खिडकीवरचा हात थांबला.

“आई नाही येत,” सहादूनं नकाशातून मानसुद्धा वर केली नाही. “तिला साधी बस लागते, बोटीत काय निभाव लागणार? आणि घर बघायला कुणीतरी पाहिजेच की.”

बस लागली होती एकदाच. नामपूरच्या लग्नाला जाताना, आणि तेही याच सहादूनं त्यांना डिझेलच्या डब्याशेजारी बसवलं होतं म्हणून. पुतळाबाईंच्या अगदी ओठावर आलं. पण पुंजाराम “हां, तेही खरंच” म्हणाला आणि दोघं मिनिकॉयकडे वळले.

त्या आत गेल्या. आमटीवरचं झाकण उचललं, आत न बघताच परत ठेवलं. पुन्हा बाहेर आल्या.

“आत्याबाई, बरं झालं आलात,” लता म्हणाली. तिचा काही वाईट हेतू नव्हता. ती खुशीत होती, एवढंच. “आम्ही गेल्यावर नळाचं तेवढं ध्यानात ठेवा, पहाटेच जातो. मोगऱ्याला रोज पाणी घाला. आणि तुमच्यासाठी तिथल्या शिंपल्या आणते हां मी. चांगल्या पिशवीभर!”

“शिंपल्या,” पुतळाबाई म्हणाल्या.

हातातलं फडकं त्यांनी खिडकीतच टाकलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अनवाणीच अंगणात गेल्या.

कुंपणापलीकडे शेजारची रंगूबाई खाटेवर कुरडया वाळत घालत होती. पुतळाबाई मुद्दाम खिडकीखालीच उभ्या राहिल्या.

“रंगू, पुढल्या म्हयन्यात आमच्या घरावर जरा ध्यान ठिवशील का? किल्ली तुझ्याकडंच देते. घरात कोनी नाय.”

“कोनीच नाय? मंग मावशी, तुमी कुठं निघाल्या?”

“बोटीनं. बेटं बघाया.”

आतलं बोलणं एकदम थांबलं. कुणीतरी बशी खाली ठेवली.

“अगं बया! बोटीनं? तुमी?” रंगूबाई कुरडया सोडून कुंपणाशी आली.

“मी नकोच म्हनत व्हते,” पुतळाबाई म्हणाल्या. पाठ खिडकीकडे होती, आवाज मात्र आत जाईल एवढा. “पन सहादू ऐकंल तर ना! सारखा मागंच लागला, आई चल, आई चल. शेवटी म्हनलं, लेकाचं मन कशाला मोडा?”