पिंपळाला सांगितलेलं नाव

“चौथं प्रकरण काढून टाक,” अश्वजित म्हणाला. “बाकी पुस्तक झकास आहे.”

धम्मशीला हसली. चौथं प्रकरण काढायचं म्हणजे पुरणपोळीतलं पुरणच काढायचं.

देऊळगाव राजातल्या त्यांच्या बौद्ध अध्ययन संस्थेत दरवर्षी एकाच विद्यार्थ्याचा प्रबंध पुस्तक म्हणून छापत. यंदा देवानंद सरांनी धम्मशीलाचा निवडला होता, आणि तो चौथ्या प्रकरणापायीच. साखरखेर्ड्यापलीकडच्या एका वस्तीत बाळाचं नाव आधी पिंपळाला सांगत. मग त्रिशरण-पंचशील, मग पाळणा. आसपासच्या एकाही गावात ही रीत नव्हती.

वस्तीतल्या तानाबाई म्हणाल्या होत्या, “एक शिकलं-सवरलं माणूस आलतं. ऐन पावसाळ्यात, पायी पायी. खांद्याले झोळी. दारोदार हिंडलं, याच घरी भाकर खाल्ली, अन् पिंपळाखाली बसून बोलून गेलं. लय पावसाळे झाले त्याले.”

पायी प्रवास, झोळी, दारोदार फिरणं, झाडाखालचा उपदेश! हातच्या कांकणाला आरसा कशाला? अजिंठ्याकडून आलेल्या एखाद्या प्राचीन भिक्खूची ही जिवंत आठवण आहे, असं धम्मशीलानं ठणकावून लिहून टाकलं. परीक्षकही खूश झाले. एकटा अश्वजित तेवढा नाक मुरडत होता.

“पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात. हिंडत नाहीत.”

“पुरानं अडकला असेल.”

“‘याच घरी’ भाकर खाल्ली म्हणजे?”

“याच कुळात.”

“आणि वस्तीतल्या मोठ्या माणसांची नावं पिंपळाला सांगितलेली नाहीत. फक्त लहान पोरांची.”

“मध्ये खंड पडला. परंपराही कधीकधी झोप काढतात, अश्वजित.”

तिच्याकडे प्रत्येक कुलपाला किल्ली होती.

“तू ग्रंथालयात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस,” ती म्हणाली. “मी पदवीला असल्यापासून गावं पालथी घालतेय.”

ते खरंच होतं. तेव्हा देवानंद सरांनी सगळ्या वर्गाला सर्वेक्षणाला पिटाळलं होतं. लोक बोलेनात तर उदाहरणं देऊन बोलतं करा, हा सरांचा मंत्र. लोक बोलत नसत, आणि धम्मशीलाकडे उदाहरणांना तोटा नव्हता. मनात येईल ते विचारायची. या वस्तीलाही ती तेव्हा एकदा येऊन गेली होती. पण ही रीत तेव्हा तिला दिसलीच नव्हती. नजर तयार नव्हती, दुसरं काय!

संस्थेचा एक शिरस्ता होता. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना ते प्रकरण चारचौघांत वाचून दाखवायचं. त्यांनी “हो, असंच आहे” म्हटलं की मगच पुस्तक छापखान्यात. सोबत साक्षीदार म्हणून दुसरा विद्यार्थी हवा. सरांनी मुद्दाम अश्वजितला दिला.

वस्तीतल्या महामायाच्या बाळाचं नामकरण होतं, तोच दिवस ठरला. स्कूटी वस्तीअलीकडच्या ओढ्यापर्यंत नीट आली. ओढा मात्र दोन्ही थड्या भरून वाहत होता. एरवी धम्मशीला यायची ती इस्त्रीच्या कपड्यांत, डोक्याला हेल्मेट, थेट तानाबाईंच्या ओट्यापर्यंत. आज स्कूटी तिथंच ठेवावी लागली. वरच्या अंगाला पाणी उथळ होतं तिथून दोघं उतरली आणि मोठा वळसा घालून, शेतांतून चिखल तुडवत निघाली. खांद्यावरची जुनी कापडी झोळी, तिच्यात प्रकरणाची प्रत. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी.

“आता तू भिक्खू शोभतेस,” अश्वजित म्हणाला.

“हसून घे. परत जाताना पुस्तक छापायला गेलेलं असेल.”

पिंपळाभोवती वस्ती जमली होती. बायका पांढऱ्या साड्यांत, पोरं पारावर. महामाया बाळाला घेऊन झाडाशी गेली आणि खोडाला ओठ लावून हळूच नाव सांगून आली. धम्मशीलाच्या अंगावर काटा आला. केवढी जुनी गोष्ट आपल्या हाती लागलीय, असं वाटून तिला भरून आलं.

तानाबाई पारावर पुढंच बसल्या होत्या. त्यांचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. प्रबंधासाठी माहिती सांगितली तेव्हा त्यांना माणूस म्हणजे नुसती सावली दिसायची. आता त्या एकेकाला डोळे भरून निरखत होत्या, जणू उधारी वसूल करत होत्या.

त्रिशरण झालं, पाळणा झाला. धम्मशीलानं प्रत काढली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. पाऊस, पायवाट, झोळी, भाकर, पिंपळ. एकेका वाक्याला बायका माना डोलावत होत्या. अश्वजितनं मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू केलं होतं. त्याचाही चेहरा आता पडला होता.

“कोण होता तो भिक्खू?” तिनं शेवटचा परिच्छेद वाचला. “इतिहासाला त्याचं नाव ठाऊक नाही. पण या वस्तीनं त्याचा शब्द जपला.”

टाळ्या पडल्या. धम्मशीला तानाबाईंकडे वळली. “आजी, असंच आहे ना? हो म्हणा, म्हणजे छापायला देते.”

तानाबाई उठल्या. जवळ आल्या. चिखलानं भरलेली झोळी त्यांनी हातात धरून पाहिली, मग तिचे पाय, मग तोंड. बघता बघता म्हातारीचा चेहरा उजळला.

“हो, हो, असंच हाय!” त्या बायकांकडे वळून ओरडल्या. “अव महामाये, लेकराले आन इकडं, हिच्या पायावर घाल! हेच तं ते माणूस! यानंच तं इचारलं होतं इथं बसून, बाळाचं नाव आधी पिंपळाले सांगता का नाई म्हून. आमाले कोनालेच ठावं नोतं, लय लाज वाटली. तवापासून एकबी लेकरू चुकू देल्लं नाई, माय!”